आधी हिशेब, मग उपदेश

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, वायदे बाजाराचा अभ्यास जाहीर केला. तेव्हापासून आपल्याकडे एक वाद चालू आहे आणि तो फार वाईट तऱ्हेने घातला जातो आहे. तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरच्या करारांत, उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेली, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर, असं त्या अभ्यासात होतं. जुलै २०२५ मध्ये पुढचा आकडा आला. एकट्या २०२४-२५ या वर्षात १ लाख ५ हजार ६०३ कोटी. असे आकडे आले की दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. एक म्हणते, आजच्या पोरांना कष्ट नकोत, रातोरात श्रीमंती हवी, आता भोगा. दुसरी म्हणते, पोरं अडाणी आहेत, त्यांना अर्थसाक्षर करा, बाकी ज्याचा पैसा त्याची मर्जी. माझं म्हणणं असं की बुडालेल्या पोराकडे दोघांनीही नीट पाहिलेलं नाही. आपण जसे आहोत तसे कोणाला चालत नाही, ही त्याची खात्री झालेली असते आणि या शिक्क्यातून सुटायची सगळ्यांत जवळची वाट त्याला मोबाइलवर दिसलेली असते. स्वतःला आहे तसं मान्य करता येईपर्यंत तो खेळ सोडत नाही. घराने त्याला आधी मान्य केल्याशिवाय ते त्याला जमत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पतसंस्थेच्या सोनेतारण खिडकीवर मी एकवीस वर्षं काढली. फॉर्मवर कर्जाचं कारण लिहायला एक ओळ असते. बहुतेक जण तिथे 'घरगुती अडचण' लिहितात आणि आम्हीही पुढे विचारत नाही. पण खरं कारण कळतंच. पेरणीसाठी आलेला, जूनमध्ये पोरांची फी भरायला आलेला, दवाखान्यातून थेट आलेला, प्रत्येकाची घाई वेगळी असते. गेल्या पाच-सहा वर्षांत या रांगेत एक नवा माणूस आला. पंचवीस-तिशीतला मुलगा, सोबत आई. आई बोरमाळ नि पाटल्या काचेखालून आत सरकवते, सोनार वजन करतो, टंच बघतो, आणि तेवढा वेळ मुलगा मोबाइलमधून मान वर काढत नाही. वर पाहिलं तर आईचे मोकळे हात दिसतील. तीन महिन्यांनी तो एकटाच येतो आणि विचारतो, 'भाव वाढलाय, वाढीव कर्ज मिळेल का?' सोन्याचा भाव चढतच होता, त्यामुळे ते मिळायचंही. सेबीच्या अभ्यासात म्हटलंय की यातले ७२ टक्क्यांहून जास्त लोक पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे आणि पाऊण हिश्शाहून जास्त जणांचं वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आतलं. मला तो आकडा वाचावा लागला नाही. तो माझ्या खिडकीसमोर उभा होता.

अडाणीपणाचं म्हणणं आधी तपासू. त्याच अभ्यासात असं आढळलंय की लागोपाठच्या वर्षांत तोटा सोसूनही तोट्यातले पाऊण हिश्शाहून जास्त लोक पुन्हा त्याच बाजारात उतरले. साक्षरतेच्या वर्गात जे शिकवायचं ते तोट्याने त्यांना आधीच शिकवलं होतं, तेही स्वतःच्या पैशांनी. मग ते का थांबले नाहीत? माझा भाचा इंजिनिअर आहे. एक्सपायरी, म्हणजे कराराची मुदत संपायचा दिवस, जवळ आली की ऑप्शनचा प्रीमियम, म्हणजे त्याची किंमत, कशी विरघळत जाते, हे त्याने मला कागदावर रेघ काढून समजावलेलं आहे. इथे एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, वर ब्रोकरेज, एसटीटी हा सौद्यावरचा कर, एक्स्चेंजचं शुल्क आणि जीएसटी, म्हणजे सगळ्यांची मिळून बेरीज शून्याच्या खालीच, हे त्याला पाठ होतं. समोर कोण बसलंय तेही ठाऊक होतं. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या मोठ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी २८ हजार कोटी कमावले, त्यातले बहुतेक संगणकाच्या अल्गोरिदमवर. एवढं माहीत असूनही गुरुवारी, एक्सपायरीच्या दिवशी, दुपारी अडीच वाजता तो 'झिरो टू हिरो' घ्यायचाच. पाच रुपयांचा कॉल, म्हणजे भाव चढेल यावर लावलेला ऑप्शन, तासाभरात पन्नासला जाईल म्हणून.

मग हा हव्यास आहे का? २०२२ मध्ये एका आठवड्यात त्याला २ लाख ४० हजारांचा नफा झाला. हव्यास असलेला माणूस काय करेल? पैसे काढून घेईल, गाडी घेईल, निदान चांगला मोबाइल तरी घेईल. याने काय केलं? गावी आला आणि अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाला, कंपनीत बढती मिळाली. नफा तसाच खात्यात पडून राहिला आणि पुढच्या पंधरवड्यात गेला. त्या पेढ्यांचा मी पुढे खूप विचार केला. ज्याला पैसा हवा असतो तो पैसा झाकून ठेवतो. या मुलाला हवं होतं ते गल्लीच्या तोंडून निघालेलं एक वाक्य, की हाही काहीतरी झाला.

हे वाक्य आपण पोरांसाठी किती महाग करून ठेवलंय! डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंग बांधलेली, घोड्यावर बसलेली मुलं कलेक्टर कचेरीवर मोर्चा घेऊन गेली, लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून. वर्तमानपत्रांनी ती बातमी गंमत म्हणून छापली. मला त्यात गंमत दिसली नाही. शेतकरी असेल तर नको, खासगी नोकरी असेल तर पगार किती, पुण्यात फ्लॅट आहे का, हे प्रश्न दर रविवारी कुठल्या ना कुठल्या बैठकीत, चहा-पोह्यांच्या ताटल्यांच्या मधोमध, मुलाच्या देखत विचारले जातात. राज्यसेवेला लाखो अर्ज आणि जागा शेकड्यांत. जो लागला त्याचा चौकात फ्लेक्स. जो सहा वर्षं अभ्यास करून लागला नाही त्याला गावच्या यात्रेत यायची चोरी. मधली पायरीच आपण ठेवलेली नाही. साधी नोकरी करणारा, वेळेवर घरी येणारा, आईबापांकडे बघणारा मुलगा 'काहीच झाला नाही' या खात्यात जमा होतो. अशा मुलाला पैशांच्या थप्पीशेजारी उभा राहिलेला कोणी टेलिग्रामवाला 'मीही तुमच्यासारखाच होतो' म्हणाला, तर त्याचं लक्ष थप्पीकडे जात नाही. 'होतो' या शब्दाकडे जातं.

इथे माझ्याविरुद्ध एक बिनतोड मुद्दा उभा राहतो आणि तो टाळणं बरोबर नाही. स्वतःला स्वीकारा हा सल्ला महाराष्ट्रात नवा नाही. शतकानुशतकं तो खालच्या पायरीवरच्यांना वरच्या पायरीवरच्यांनी दिला. ठेविलं तसं राहा, अंथरूण पाहून पाय पसरा, आपलं काम काय ते ओळखा. ज्यांच्या वाट्याला अंथरूणच आखूड आलं त्यांनी पाय किती आखडायचे? शिवाय मोबाइलवरचा बाजार या मुलांना का खेचतो हेही समजून घ्या. तिथे वशिला लागत नाही, मुलाखत नसते, इंग्रजी बोलावं लागत नाही, आडनावावरून कोणी जोखत नाही. पॅन आणि आधार दिलं की झालं. ज्याला सगळीकडे दारावर अडवलं गेलं त्याला उघडं दार दिसलं, तर आत शिरल्याबद्दल त्याला लोभी म्हणायचं? मला हे म्हणवत नाही.

पण याच बाजाराची एक जुनी आठवण आहे. १९१७ मध्ये परदेशातून परतल्यावर, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळण्याआधीच्या ओढाताणीच्या दिवसांत, डॉ. आंबेडकरांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारांत सल्ला देणारी पेढी सुरू केली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेले सल्लागार त्या वेळच्या मुंबईत किती होते? तरी सल्लागार अस्पृश्य आहे असं कळल्यावर गिऱ्हाइकं येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. बाजाराने त्यांची किंमत शून्य ठरवली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. स्वतःला स्वीकारणं मी म्हणतो ते हे आहे. पायरी मुकाट मान्य करणं एक, आणि माझी किंमत ठरवायचा अधिकार समोरच्याला नाही असं मनाशी पक्कं करणं दुसरं. पहिल्यातून लाचारी येते. दुसऱ्यातून माणूस हवी तेवढी उंच उडी मारू शकतो, कारण पडला तरी तो स्वतःच्या नजरेतून पडत नाही. ऑप्शन खेळणाऱ्या मुलाने याच्या नेमकं उलट केलेलं असतं. सोयरे, मित्र, गल्ली यांनी ठरवलेली किंमत त्याला असह्य झाली म्हणून त्याने ती ठरवायचं काम दर मिनिटाला हलणाऱ्या एका हिरव्या-लाल आकड्याकडे दिलं. दार उघडं होतं हे खरं. आत मात्र पुन्हा परीक्षाच होती आणि तिचा निकाल रोज साडेतीनला लागत होता.

दुसरा मुद्दा माझ्या शेतकरी मित्रांचा. ते म्हणतात, आमचा कांदा काय वेगळा आहे? रोप लावताना भाव माहीत नाही, काढताना माहीत नाही, आणि डिसेंबर २०२३ सारखी निर्यातबंदी रातोरात आली तर चाळीत साठवलेल्या मालाचं काय करायचं? आमचा जुगार तुम्हाला कष्ट वाटतो आणि पोराचा जुगार पाप, हा कुठला न्याय? खरं आहे. जोखमीच्या मापाने पाहिलं तर शेतकऱ्याइतका मोठा सट्टा या देशात कोणी खेळत नाही, आणि तोही नाइलाजाने. फरक मला दुसरीकडे दिसतो. लासलगावात भाव पडला तर तो सगळ्यांचाच पडतो. ट्रॅक्टरच्या रांगेत उभं राहून माणसं सरकारला, पावसाला, व्यापाऱ्याला शिव्या घालतात, आणि तोटा कोणा एकट्याचा राहत नाही. कर्जाने एकटा पडलेला शेतकरी किती खचतो हे महाराष्ट्राला सांगायला नको. ऑप्शनमधला मुलगा पहिल्या दिवसापासून तसा एकटा असतो. पांघरुणात, रात्री, मोबाइलच्या उजेडात. त्याच्या तोट्याला रांग नाही. त्याचं ॲप फक्त त्याचाच तोटा दाखवतं, आणि तो ज्या गटांत असतो तिथे येतात ते सगळे नफ्याचे स्क्रीनशॉट. बुडालेले ९३ टक्के एकमेकांना कधी भेटतच नाहीत.

बंदी घाला म्हणणाऱ्यांशी माझं अर्ध भांडण आहे. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून कराराचं किमान मूल्य पाच लाखांवरून पंधरा लाखांवर नेलं आणि प्रत्येक एक्स्चेंजला आठवड्याची एकच एक्सपायरी ठेवली, हे चांगलंच झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, तिचंही मी स्वागत केलं. दार अरुंद झालं तर काही मुलं उंबऱ्यावर थांबतील आणि तेवढ्यात वाचतील. पण जुगारबंदीचा कायदा आपल्याकडे १८८७ पासून आहे. तो असतानाच मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या दरांवर आकडा लागत होता. ते बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीला मटका सुरू केला, दोनच वर्षांत रतन खत्री यांचा दुसरा मटका आला, आणि गिरणगावातल्या चाळींपासून आमच्या तालुक्यापर्यंत 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द शाळकरी पोरांना पाठ झाले. कायदा दार बंद करतो. दाराशी आलेला माणूस कशापासून पळत होता, हे कायदा विचारू शकत नाही.

आणि 'आजची पोरं' असं म्हणणाऱ्यांना तर मुंबईची एक जुनी गोष्ट पुन्हा सांगायला हवी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शहरात कंपन्यांचं पीक आलं. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा जनरल ली शरण आला, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ ला, वायद्यांच्या देण्याघेण्याच्या दिवशी, पैसे द्यायला कोणी उरलं नाही. बुडालेल्यांत पेढीवाले होते, सरकारी साहेब होते, आणि ज्यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला ते प्रेमचंद रायचंदही होते. आजची कोणती पोरं होती ती?

त्या पडझडीत नसरवानजी टाटांची पेढीही सापडली. मुलगा जमशेदजी तेव्हा सव्वीस वर्षांचा, लंडनमध्ये, हातात कवडीमोल झालेल्या कापसाच्या हुंड्या. त्याने घेणेकऱ्यांसमोर सगळी कागदपत्रं उघडी ठेवली. लपवलं काहीच नाही. घेणेकऱ्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला आणि ती पेढी आवरायचं काम त्यालाच पगारावर दिलं. इकडे मुंबईत वडिलांनी घर विकून देणी दिली. पुढे नागपूरला गिरणी झाली, म्हणून मी हे सांगत नाही. त्या वर्षी बुडालेल्या बहुतेकांचं पुढे काहीच झालं नाही आणि त्यांची नावंही कोणाला माहीत नाहीत. मला मोलाचा वाटतो तो कागद उघडे ठेवल्याचा दिवस. इतके गेले, इतके राहिले, हे माझं आहे, असं म्हणता आलं तो दिवस. आणि तेवढीच मोलाची वाटते ती समोरच्यांची कृती. सव्वीस वर्षांच्या बुडालेल्या मुलाला त्यांनी खुर्ची दिली, काम दिलं, आणि बापाने घर विकताना त्याला कुळाचा कलंक म्हटलं नाही. आमच्या खानापूर तालुक्यातल्या सव्वीस वर्षांच्या मुलाला आपण यातलं काय देतो?

भाच्याने मला फोन केला तेव्हा तो म्हणाला, 'मामा, मला आता नफा नको. फक्त रिकव्हरी पाहिजे. दीड लाख द्या, झालं की सोडतो.' ही 'रिकव्हरी' मी खिडकीवर शंभरदा ऐकली होती. पैसे परत मिळवणं एवढाच तिचा अर्थ असता तर साध्या नोकरीतूनही चार-पाच वर्षांत झाली असती. त्याला परत हवा होता तो तोट्याआधीचा स्वतः. आकडा मोठ्याने उच्चारला की तो आपल्याला चिकटेल आणि मग आपण म्हणजे तो आकडा, ही भीती. म्हणून तो आकड्याच्या पुढे पळत राहतो आणि आकडा वाढत जातो. मी पैसे दिले नाहीत. दोन दिवसांची रजा काढून पुण्याला गेलो आणि त्याच्या खोलीत बसून वही केली. नोकरीतली शिल्लक, आक्काचं सोनं, मोबाइल ॲपवरची सहा कर्जं, क्रेडिट कार्ड, चार मित्र. चौदा लाख चाळीस हजार. रात्री एक वाजता बेरीज झाली तेव्हा तो पहिल्यांदा झोपला.

वही घेऊन आम्ही गावी गेलो. दाजी गलाईवाले. आमच्या भागातली शेकडो घरं देशभर पांगून सोनं-चांदी गाळतात, त्यातलं हे एक. तीस वर्षं तमिळनाडूत एका दहा बाय बाराच्या खोलीत, भट्टीपुढे, तेजाबाच्या धुरात काढून त्यांनी गावात दोन मजली बंगला बांधला. भाचा त्या बंगल्यापुढेच लहान होत आला होता. दाजींनी वही पाहिली, परत पाहिली, आणि खूप वेळाने म्हणाले, 'अठ्ठ्याण्णव साली माझं साठ तोळं गेलं होतं.' वरून मुलामा आणि आत दुसराच धातू असलेला माल त्यांनी घाईत, जास्त नफ्यासाठी, रोखीने घेतला होता. गाळल्यावर मुशीत काय उरलं ते दिसलं. गिऱ्हाइकांची देणी फेडायला सात वर्षं लागली. आक्काला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्या सात वर्षांत ते दिवाळीला आले की आम्ही म्हणायचो, दाजी थकलेत.

मग मीही बोललो. नव्वदच्या दशकात सागवानाच्या लागवडीच्या एका योजनेत मी चाळीस हजार घातले होते. वीस वर्षांत झाडं लाख-लाखाची होणार होती. कंपनी चार वर्षांत गेली. बायकोला मी ते नऊ वर्षं सांगितलं नाही. आमच्या पिढीने आपले बंगले दाखवले आणि आपल्या वह्या लपवल्या. त्यामुळे पोरांना असं वाटत राहिलं की या घरात, या गावात हरलेले आपण एकटेच. अर्थसाक्षरतेच्या वर्गात शिकवायचंच असेल तर तालुक्यातल्या चार प्रतिष्ठित म्हाताऱ्यांना बोलवा आणि त्यांना त्यांचे तोटे सांगू द्या, रकमेसकट. ज्या सोसायट्या, जी मंडळं पास झालेल्यांचे सत्कार करतात त्यांनी वर्षातून एक संध्याकाळ यासाठी द्यावी. हे बोलायला सोपं नाही, मला माहीत आहे. त्या रात्री दाजींच्या तोंडून साठ तोळ्यांचा आकडा निघायला अर्धा तास लागला होता.

भाचा आता मिरजेला एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे, पगार सव्वीस हजार. ॲपवरची कर्जं आधी मिटवली. मित्रांचे दोघांचे पैसे दिले, दोघांचे बाकी आहेत. डिमॅट खातं बंद केलं, पण मन अजून कधीकधी एक्सपायरीच्या दिवशी फिरतं असं तो स्वतः सांगतो. आक्काचं सोनं सुटायला अजून तीन वर्षं लागतील. गेल्या महिन्यात तारणाचं नूतनीकरण करायला तो आणि दाजी माझ्या खिडकीवर आले. फॉर्म मी नेहमीप्रमाणे भरायला घेतला, तर त्याने हात पुढे करून तो मागून घेतला. कारणाच्या ओळीवर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'शेअर बाजारातील तोटा', आणि खाली सही करून जामीनदाराच्या सहीसाठी फॉर्म दाजींकडे सरकवला.